चाकाशिवाय घडलेलं काळं मडकं

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात प्वेब्लो या मूळनिवासी लोकांची १९ गावं आहेत आणि गावागणिक मडक्यांची धाटणी बदलते. ताओस, पिकुरीसची माती अभ्रकामुळे चमचमते. अकोमाची भांडी पांढरी, पातळ, त्यांवर बारीक काळ्या रेघा. सांता क्लारा आणि सान इल्देफोन्सोची मात्र काळी कुळकुळीत. अल्बुकर्कीत राहायला आल्यापासून या काळ्या भांड्यांचं मला वेडच लागलं. शेवटी सांता क्लाराच्या एका कुंभार बाईंकडे शिकायला गेले.

माती कुठून आणली हे बाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मातीच्या जागा घराण्यातच राहतात, आणि ती काढण्याआधी मातीमायची प्रार्थना होते, एवढं कळलं. ढेकळं भिजवून, गाळून त्यात ज्वालामुखीची बारीक राख मळायची. नुसती चिकणमाती वाळताना तडकते. आपल्याकडचे कुंभार राख नि लीद कालवतात तेही याचसाठी. अकोमाला तर जुन्या खापरांची पूड घालतात. प्रमाण विचारलं तर बाईंनी माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "अजून थोडी."

चाक नाहीच. बूड 'पुकी' नावाच्या उथळ वाडग्यात थापून बसवायचं आणि त्यावर मातीच्या वळ्या चढवत जायच्या. वळी चिमटीनं सांधायची, मग वाळक्या भोपळ्याच्या तुकड्यानं आतबाहेर खरवडून भिंत पातळ करायची. खालची भिंत जरा आवळल्याशिवाय वरची वळी चढवायची नाही, नाहीतर सगळं बसतं. हे जमतं हो. बघणाऱ्याला सगळी कला इथेच वाटते, मलाही वाटायची.

खरी कसोटी घोटण्यात. मडकं पूर्ण वाळवून, घासून गुळगुळीत केलं की त्यावर लाल मातीच्या पातळ लेपाचे हात द्यायचे आणि लगेच नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन बसायचं. बाईंचा गोटा त्यांच्या आजीच्या हातचा. तो त्यांनी मला फक्त बघायला दिला, घोटायला दुसरा! लेप ओलसर आहे तोवरच चकाकी येते, म्हणून एकदा बसलं की उठणं नाही. अर्ध्यात वाळला तर लेप घासून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला गोटा खरखरतो, मग आवाज मऊ होत जातो आणि एका क्षणी हाताखालून निसटायला लागतो. तिथे बाई म्हणाल्या, "आता पुढचा भाग." माझे खांदे भरून आले होते.

नक्षीच्या भानगडीत मी पडले नाही. सान इल्देफोन्सोच्या मारिया आणि ज्युलियन मार्टिनेझ या जोडप्यानं १९१९च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी आणली. घोटलेल्या अंगावर पातळ मातीनं चित्र काढायचं. तेवढा भाग निस्तेज राहतो, बाकीचा चकाकतो. काळा रंग कुठेच लावत नाहीत.

मग काळं होतं कशानं? वारा नसलेली सकाळ बघून अंगणात आग पेटवली. जाळीवर मडकं, भोवती पत्रे, खाली लाकडाच्या ढलप्या, वर शेणाच्या वाळक्या चिपा. चांगली धग धरल्यावर बाईंनी घोड्याच्या लिदीची भुकटी ओतून आग पार दाबून टाकली. हवा तुटली, धूर कोंडला आणि आतल्या आत लाल मडकं काळं झालं. आग मोकळी जळू दिली असती तर तेच मडकं लाल राहिलं असतं.

यात पाणी ठेवायचं नाही, चकाकी जाते. आणि विकत घ्यायचं असेल तर दुकानात दोन गोष्टी जरूर विचारा: वळ्यांनी घडवलंय की साच्यात ओतलंय, आणि उघड्या आगीत भाजलंय की विजेच्या भट्टीत. साच्याची भांडीही नक्षी काढून विकायला असतात. किमतीत फरक का, ते तेव्हा कळतं. घासाघीस मी तरी आता करत नाही.