मियाटाचा डावा कोपरा: कुठला पत्रा घेतला आणि का

धडकेनंतर गाडीचा पुढचा भाग पूर्ण उघडून झाला. बंपर, दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे), बॉनेट, डाव्या हेडलाइटची यंत्रणा, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर, सगळं उतरवलंय. गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली एनए मियाटा. मार डाव्या कोपऱ्यावर तिरका बसला. फेंडर चुरगळला, बॉनेटचं डावं टोक मुडपलं, पॉप-अप हेडलाइटचं झाकण अर्धवट उघडं राहून अडकलं आणि रेडिएटरच्या पुढचा आडवा पत्रा डावीकडे आत गेला. इंजिन, सस्पेंशन आणि स्टीअरिंग शाबूत आहेत. म्हणून ही नोंद फक्त पत्र्यांची आहे: काय बदललं, काय ठेवलं, आणि बदलायचं ठरल्यावर कुठल्या प्रकारचा पत्रा निवडला.

फेंडर शोधायला लागण्याआधी गाडी मोजली. हे मी आग्रहानं सांगतोय, कारण पत्रा आधी आणायचा आणि मग तो बसत नाही म्हणून पत्र्यालाच दोष द्यायचा, असं फार वेळा होतं. मियाटाला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. कोपऱ्यावरचा मार फेंडरवर थांबत नाही, तो आतल्या एप्रनमधून (फेंडरच्या आतला, इंजिनच्या खणाच्या बाजूचा पत्रा) मागे सरकतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बॉडीच्या ठरावीक छिद्रांमधली अंतरं दिलेली असतात. ती ट्रॅम गेजनं (लांब दांड्यावर दोन टोकं असलेलं मापक) घ्यायची, आणि इंजिनच्या खणाचे दोन्ही कर्ण एकमेकांशी ताडून बघायचे. साध्या टेपनंही कर्ण मोजता येतो, पण मध्ये इंजिन उभं असतं, टेप वाकते आणि आकडा फसवतो. माझ्याकडे दोन कर्णांमध्ये ६ मिलीमीटरचा फरक निघाला. मुख्य रेल, म्हणजे भार पेलणारी लांब पोकळ तुळई, सरळ होती. सरकलं होतं ते एप्रनचं वरचं टोक आणि त्याला जोडलेला आडवा पत्रा.

इथे पहिला निर्णय आला: आतले पत्रे कापून बदलायचे की ओढून सरळ करायचे? बॉडीकामात यासाठी एक जुना आणि चांगला नियम आहे. पत्रा नुसता वाकला असेल तर सरळ करा. त्याला छोट्या जागेत तीव्र, धारदार घडी पडली असेल तर बदला, कारण त्या घडीत धातू आधीच ताणून कडक झालेला असतो आणि सरळ केला तरी पुढच्या वेळी तिथेच दगा देतो. माझ्या एप्रनला गोलसर बाक होता, घडी नव्हती. स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे सांधे) उखडले नव्हते, सांध्यांतलं सीलंटही तडकलं नव्हतं. म्हणून बॉडी ओढून सरळ करायच्या यंत्रावर, म्हणजे फ्रेम मशीनवर, बांधून ओढून घेतला. आता कर्णांतला फरक १ मिलीमीटरच्या आत आहे. एकही फॅक्टरी वेल्ड न तोडता हे जमलं, याचा मला मनापासून आनंद आहे. वेल्ड ड्रिलनं काढून नवा पत्रा लावला की सांध्याचं मूळचं गंजरोधक आवरण जातं, आणि वेल्डच्या आधी मारायचा वेल्ड-थ्रू प्रायमर कितीही नीट मारला तरी कारखान्यातल्यासारखं संरक्षण परत मिळत नाही.

आता फेंडर. तो बोल्टनं बसतो, त्यामुळे निवडीला वाव होता: कंपनीचा नवा, दुसऱ्या उत्पादकानं बनवलेला नवा, मोडीत निघालेल्या गाडीचा जुना पण अस्सल, किंवा फायबरचा. कंपनीचा नवा मिळत असेल आणि परवडत असेल तर पुढे काही वाचायची गरज नाही, तोच घ्या. फायबरचा मी लगेच बाद केला. शर्यतीच्या गाडीला तो चालतो, पण त्याच्या कडा स्टीलच्या दाराशेजारी कधी एकसारख्या दिसत नाहीत, आणि बोल्टच्या भोकांभोवती तो कालांतराने तडकतो.

खरा प्रश्न होता तो डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाचा नवा, की जुना अस्सल. डुप्लिकेटच्या बाजूनं बोलायचं तर तो कोरा असतो, त्यात गंज नसतो आणि कुणाची जुनी लांबी (पोचे भरायची पुट्टी) नसते. पण हे साचे बहुतेक वेळा मूळ पत्र्यावरून मापं घेऊन बनवलेले असतात, मूळ रेखाटनांवरून नाही. त्यामुळे मोठा बाक बरोबर येतो आणि बारीक गोष्टी निसटतात. चाकाच्या कमानीची ओठासारखी कड बोथट येते, दाराजवळचा बाक एक-दोन मिलीमीटर चपटा येतो, आतल्या फ्लॅंजचा, म्हणजे दुमडलेल्या कडेचा, कोन चुकतो. मियाटात अख्ख्या बाजूवर धारदार रेघ अशी नाहीच, सगळं सौंदर्य त्या सलग गोलाईत आहे. फेंडरवरून दारावर जाणारी चमक तुटली की गाडी उभ्या जागी विचित्र दिसते. रंगानं ते झाकलं जात नाही, उलट रंग चढला की जास्त दिसतं.

डुप्लिकेट घ्यायचाच असेल तर त्यावरचा काळा थर तपासा. कारखान्यात विद्युतप्रवाहानं चढवलेला ई-कोट आणि नुसता वाहतुकीत गंज चढू नये म्हणून मारलेला काळा रंग दिसायला अगदी सारखे असतात. आतल्या बाजूला कापडावर थिनर घेऊन जोरात घासा. काळं सुटून कापडाला लागलं तर तो ई-कोट नाही. मग तो थर पूर्ण काढून, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरपासून सुरुवात करावी लागते. तसाच रंग चढवला तर पुढे तो फेंडरवरून सोलून निघतो. शिवाय मूळ पत्रा जस्ताचा थर दिलेला असेल आणि बदली पत्रा साधा असेल, तर गंजाच्या बाबतीत दोन्ही बाजूंना वेगवेगळं आयुष्य मिळतं.

एका मित्रानं त्याच्याकडचा कोरा डुप्लिकेट फेंडर लावून बघायला दिला, त्यामुळे तुलना कागदावर राहिली नाही. वरच्या कडेचे बोल्ट बसले. दाराच्या खांबाजवळचा खालचा बोल्ट मात्र भोकाच्या कडेला टेकला, आणि तो ओढून बसवला तेव्हा चाकामागचा भाग फुगला. दाराशी वर ३ मिलीमीटर फट, खाली ७. शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून हे बरंचसं जुळवता आलं असतं. पण मग प्रत्येक बोल्ट पत्र्याला त्याच्या स्वतःच्या आकाराविरुद्ध धरून ठेवणार, आणि ताणलेला पत्रा खडबडीत रस्त्यावर हळूहळू आपली जागा सोडतो.

म्हणून जुना अस्सल फेंडर शोधला, आणि तो शोधताना काय पाहिलं ते सविस्तर लिहितो. मियाटाचा पुढचा फेंडर गंजतो तो चाकामागे, अगदी खालच्या कोपऱ्यात. चाकानं उडवलेली माती आणि पानं अस्तराच्या मागे साचतात, ओलावा धरून बसतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंगाला एक बारीक फोड दिसते, तेव्हा आत बहुधा भोकच असतं. म्हणून फेंडर गाडीवर असेल तर अस्तर काढायला लावा आणि बोट घालून चाचपा. मग बोल्टची डोकी बघा. त्यांच्यावरचा रंग अभंग असेल तर फेंडर कारखान्यानंतर निघालेला नाही. रंगाची जाडी मोजायचं गेज असेल तर उत्तमच. फॅक्टरीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला २५० ते ३००, आणि त्याच्या बऱ्याच वर आकडा गेला तर खाली लांबी आहे असं धरून चाला. गेज नसेल तर फेंडरच्या पाठीकडून उजेड टाका, हातोड्याचे ठोके लपत नाहीत. आणखी एक: वेगवेगळ्या देशांसाठी बनलेल्या गाड्यांत फेंडरवरच्या इंडिकेटरच्या भोकात फरक असू शकतो. नको असलेलं भोक वेल्डनं बुजवायचं म्हणजे पातळ पत्र्याला उष्णता देणं, आणि ०.७ ते ०.८ मिलीमीटरचा पत्रा उष्णतेनं चटकन लाटा धरतो. बाकी सगळं ठीक असलं तरी भोक चुकीचं असेल तर तो फेंडर मी सोडून देईन.

मिळालेला फेंडर दुसऱ्याच रंगाचा आहे. मधोमध एक उथळ पोचा आणि कडेला ओरखडे आहेत, पण खालचा कोपरा निरोगी आहे. पोचा मागून ठोकून काढला, वर लांबीचा पातळ हात पुरला. हाच माझा या सगळ्यातला ठाम मुद्दा: पोचा पडलेला अस्सल पत्रा त्याच्या आकाराकडे परत जाऊ पाहतो. ज्याला मुळात आकारच चुकीचा मिळालाय, तो कितीही कोरा असला तरी परत जायला त्याच्याकडे जागा नाही.

बॉनेटची गोष्ट वेगळी, कारण एनएचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. चुंबक त्याला चिकटत नाही, त्यामुळे लांबी शोधायची नेहमीची युक्ती इथे निकामी. रंगाचं गेज घेताना ते ॲल्युमिनियमवर चालणारं आहे ना हे बघा, नुसतं चुंबकीय गेज काहीच सांगणार नाही. ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून बॉनेट एका हातानं उचललं जातं. पण तोच पत्रा ठोकून सरळ करणं अवघड. तो ठोक्यागणिक कडक होतो आणि मग कडेला चिरतो. गरम करायला जावं तर स्टीलसारखा लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंश सेल्सिअसच्या आसपास सरळ वितळतो. शिवाय स्टीलवर वापरलेली घासणी त्याच्यावर चालवली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि रंगाखाली पांढरी भुकटी होऊन बाहेर येतात. त्याच्यासाठी हातोडे, कानस, सॅंडपेपर सगळं वेगळं ठेवावं लागतं.

माझ्या बॉनेटचं टोक जिथे दुमडलंय तिथे बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर घडी घालून बसवलेला आहे. ती घडी उघडून परत मिटवणं म्हणजे नव्वदीच्या दशकातल्या ॲल्युमिनियमला त्याच रेषेवर दुसऱ्यांदा वाकवणं, आणि ते बहुतेक फुटतंच. म्हणून बॉनेटही जुनं पण अस्सलच घेतलं. दुसऱ्या पिढीचं, म्हणजे एनबीचं, चालत नाही, कारण तिथे पॉप-अप हेडलाइट नाहीत आणि पुढची रचनाच बदललेली आहे. फायबरच्या बॉनेटनं वजन वाचतं हे खरं, पण मूळ बॉनेटच इतकं हलकं आहे की फायदा थोडा उरतो. आणि बॉनेटच्या आतल्या चौकटीला काही ठिकाणी मुद्दाम कमजोर ठेवलेलं असतं, म्हणजे धडकेत ते मधून दुमडतं आणि काचेतून आत येत नाही. ही सोय मला रस्त्यावरच्या गाडीत हवीच. याच कारणासाठी, जुन्या बॉनेटच्या चौकटीवर कुणी पट्टी वेल्ड करून ‘मजबुती’ दिली असेल तर ते घेऊ नका.

ॲल्युमिनियमचं बॉनेट स्टीलच्या बिजागरीवर बसतं. दोन धातू टेकले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. बिजागरी जिथे टेकते तिथला रंग खरवडू न देणं आणि बोल्टखाली सीलंटचा पातळ थर देणं एवढ्यानं बराच बचाव होतो.

जुळवणीचा क्रम असा ठेवलाय: दार जसं आहे तसं, त्याला हात लावायचा नाही. दाराला धरून फेंडर, फेंडरला धरून बॉनेट, बॉनेटला धरून हेडलाइटची झाकणं, बंपर सर्वांत शेवटी. आणि उघड्या छताच्या गाडीत एक पथ्य महत्त्वाचं आहे: फटी मोजताना गाडी चारही चाकांवर उभी हवी. छत नसल्यामुळे सगळा ताठरपणा खालच्या पत्र्यांवर आणि सिलवर, म्हणजे दाराखालच्या आडव्या पोकळ पट्टीवर, असतो. जॅकवर उचलली की बॉडी किंचित वाकते आणि दाराची फट बदलते. हवेत जुळवलेला फेंडर जमिनीवर आल्यावर वेगळीच फट दाखवतो.

रंगाआधीची मांडणी सुरू आहे. फेंडर आणि दारातली फट वरपासून खालपर्यंत ४ मिलीमीटर आहे. ड्रिल बिटच्या मागच्या दांड्यानं मोजतोय, त्यासाठी ते अगदी सोयीचं आहे. बॉनेट उजवीकडे ४, डावीकडे मागे ४ आणि पुढे ५.५. डावी बिजागरी सैल करून पुढचं टोक फेंडरकडे घेतोय. रबरी बफर त्यानंतरच फिरवायचे, कारण ते उंची ठरवतात, आडवी जागा नाही. डाव्या हेडलाइटचा कंस अजून किंचित वाकडा आहे. झाकण बंद असताना मागची कड बॉनेटच्या वर येते, उघडताना घासते. तो कंस सरळ करायचा की बदलायचा हे बॉनेट पक्कं बसल्यावर ठरवीन. फटी पक्क्या झाल्या की सगळं पुन्हा उतरवून पत्र्यांच्या आतल्या कडा आधी रंगवायच्या, बाहेरचा रंग दारापर्यंत विरवत न्यायचा, आणि रंग पूर्ण वाळल्यावर फेंडरच्या त्या खालच्या कोपऱ्यात आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत गंज रोखणारं मेण, भरायचं.