गोळीच्या आधी विनोद वाचा

वर्णद्वेषावरच्या कुमार कादंबऱ्या मुलांसोबत वाचायच्या म्हटल्या की बहुतेक जण थेट गोळीबाराच्या प्रसंगाला हात घालतात. अँजी थॉमस यांच्या ‘द हेट यू गिव्ह’मध्ये (२०१७) पोलिस खलील या कृष्णवर्णीय मुलाची गाडी अडवतो, केसांच्या ब्रशला बंदूक समजतो आणि गोळ्या झाडतो. मुलं हळहळतात, ‘अमेरिकेत काय चाललंय!’ म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. दोष सगळा त्या एका पोलिसाचा, तोही दूर देशातला.

त्यापेक्षा त्याच पुस्तकातला बास्केटबॉलचा प्रसंग आधी घ्या. कादंबरीची कृष्णवर्णीय नायिका स्टार (गोळीबाराच्या वेळी खलीलसोबत असलेली त्याची मैत्रीण) महागड्या, बहुतांश गोऱ्या मुलांच्या शाळेत शिकते. तिची गोरी मैत्रीण हेली खेळताना म्हणते, चेंडू म्हणजे फ्राइड चिकन आहे असं समज. कृष्णवर्णीयांना हिणवण्याची ही तिथली जुनी तऱ्हा. स्टार दुखावते, तर हेलीला आपल्यावरच आळ आल्यासारखं वाटतं. इथे मुंबईची मुलं कान टवकारतात, कारण ‘अगं, मस्करी केली’ हे वर्गात रोज ऐकू येतं. स्टार शाळेत बोलण्याची ढब बदलते, वस्तीतला एक शब्द तोंडून निसटू देत नाही. मालाडच्या मालवणी वस्तीतून वांद्र्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही.

गट आठ-दहा जणांचा, वय चौदाच्या पुढे. दोन-तीन पानंच घ्या आणि ती मनात वाचू द्या. या पुस्तकांत शिव्या आणि अपमानकारक शब्द आहेत; ते मोठ्याने वाचले की कुणीतरी हसतं आणि बैठक हातची जाते. मराठी माध्यमाची मुलं असतील तर कथानक आधी पाच मिनिटांत मराठीत सांगा. मग विचारा: कोण बोललं, कोण हसलं, गप्प कोण राहिलं? ‘तिच्या मनात तसं होतं का?’ हा प्रश्न आपणहून काढू नका. हेलीचा सगळा बचाव त्यावरच उभा आहे आणि मुलंही तासभर तिथेच अडकतात.

जीन लुएन यांग यांच्या ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ या चित्रकादंबरीबाबत (२००६) जास्त जपावं लागतं. त्यात चिन-की हे पात्र मुद्दाम विकृत रंगवलंय आणि त्याच्या चौकटींखाली टीव्ही मालिकेसारखे हशा-टाळ्यांचे शब्द छापलेत. तेवढीच पानं झेरॉक्स करून वाटली तर ती निव्वळ वर्णद्वेषी व्यंगचित्रं होतात. ईशान्येकडच्या मुलांना आपल्याकडे याच नावाने चिडवतात, त्यामुळे हशा पिकणारच. पुस्तकातली तिन्ही कथानकं शेवटी एकत्र येतात. अख्खं पुस्तक वाचून झाल्याशिवाय चर्चा ठेवू नका.

मॅलरी ब्लॅकमन यांच्या ‘नॉट्स अँड क्रॉसेस’मध्ये (२००१) सत्ता काळ्यांची आहे, म्हणून जखमेवरची पट्टीही गडद तपकिरी, गोऱ्या मुलीच्या कपाळावर ती उठून दिसते. त्या पानाशेजारी खडूच्या डबीतला गुलाबीसर ‘स्किन कलर’ ठेवा. बाकी बोलायची गरज पडत नाही.

‘हे आपल्या जातीसारखंच ना?’ हा प्रश्न येतोच, यायलाच हवा. पण लगेच बरोबरीचं चिन्ह मारू नका. रंग लांबूनच दिसतो. इथे आडनाव विचारून, पत्ता विचारून अंदाज बांधतात. आणि गटातल्या सावळ्या किंवा दलित मुलाकडे वळून ‘तुझा अनुभव सांग’ असं कधीही म्हणू नका. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल.

गोळीबाराचं प्रकरण दुसऱ्या बैठकीत. स्टारला बाराव्या वर्षी घरच्यांनी शिकवलेले नियम फळ्यावर लिहा: हात दिसतील असे ठेव, झटकन हालचाल करू नकोस, विचारलं तरच बोल. यातला कोणता नियम खलीलने मोडला, कशासाठी मोडला, ते मुलांना शोधू द्या. तो गाडीचं दार उघडतो ते स्टार ठीक आहे ना, हे विचारायला. या बैठकीला दीड तास तरी हवाच; शाळेच्या एका तासिकेत हे बसवायला जाऊ नका.