कारल्याच्या बियांतली गाठ

उन्हाळ्यात आजीचं इन्सुलिन माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. अमळनेरजवळच्या आमच्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि वीज गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. जळगावात एम.एस्सी.चा प्रकल्प निवडताना ते फडकंच डोळ्यांसमोर होतं.

मी घेतलं कारल्याच्या बियांतलं एक प्रथिन. ट्रिप्सिन या पाचक विकराला ते अडवतं. अवघी २८ अमिनो आम्लं, त्यात ६ सिस्टीन. सिस्टीन दोन-दोन जोडले जाऊन तीन बंध होतात आणि तिसरा पहिल्या दोघांच्या कड्यातून आरपार जातो. इन्सुलिनमध्येही तीन बंध असतात, पण अशी गाठ नसते. या गाठीमुळेच हे प्रथिन उष्णतेतही टिकतं.

विकत आणलेली साखळी मात्र सुटी येते. गाठ आपणच बसवून घ्यायची. सहा सिस्टीनच्या जोड्या १५ प्रकारे लागू शकतात, त्यातला एकच प्रकार बरोबर. पहिल्यांदा मी द्रावण दाट ठेवलं. सकाळी नळीच्या तळाशी पांढरा साका! रेणू स्वतःत वळायचं सोडून एकमेकांनाच धरून बसले होते. महिन्याभराचा माल वाया गेला, मला रडूच आलं. सर एवढंच म्हणाले, "पातळ कर. अजून पातळ कर."

दुसऱ्यांदा पीएच ८ ठेवला आणि ग्लुटाथायोन घातलं, म्हणजे चुकलेली जोडी सुटून पुन्हा लागू शकते. रात्रभरानं वस्तुमान बरोबर ६ नं घटलं: सहा हायड्रोजन गेले, तीन बंध आले. पण जोड्या योग्य आहेत का, हे वस्तुमानावरून कळत नाही. म्हणून प्रथिन दहा मिनिटं उकळलं, गार केलं आणि ट्रिप्सिनमध्ये घातलं. ट्रिप्सिन मोकळं असेल तर त्या चाचणीत पिवळा रंग येतो. शेजारची, माझं प्रथिन न घातलेली नळी हळदीच्या पाण्यासारखी झाली. माझी स्वच्छ राहिली. मी लगेच आईला फोन लावला.

हे प्रथिन स्वतः औषध नाही. गाठ तशीच ठेवून साखळीचा बाहेर आलेला एक फास (वळसा) बदलायचा आणि त्यावर हव्या त्या रेणूला धरणारी पकड बसवायची, हे खरं काम. गाठीचा प्रकार वेगळा, पण बद्धकोष्ठतेवरच्या, १४ अमिनो आम्लांच्या लिनाक्लोटाइडमध्येही असेच तीन बंध आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ते औषध कॅप्सूलमधून पोटात घेता येतं.

फास बदललेली माझी पहिली साखळी गेल्या आठवड्यात एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तीन शिखरं दाखवून गेली. हवं होतं एकच. ग्लुटाथायोनचं प्रमाण बदलून काल रात्री पुन्हा लावलीय.