आयजीई साडेआठ हजार, आणि तरीही ॲलर्जी नाही

मालवणहून आलेल्या त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या फाईलवर ठळक लिहिलं होतं: 'तीव्र ॲलर्जी'. आधार एकच, रक्तातलं एकूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड, ८,५००. मोठ्यांमध्ये ते साधारण शंभर-दीडशेच्या आत असतं. आई रडवेली झाली होती. "सुंगटां बंद केलंय, बांगडो बंद केलंय, आता ह्येका वाढू तरी काय?"

टेस्ट दाबून टाकणारं सेट्रिझिन हे ॲलर्जीचं औषध आठवडाभर आधीच थांबवलं होतं, म्हणून हाताच्या स्वच्छ त्वचेवर प्रिक टेस्ट केली, म्हणजे एकेका पदार्थाचा थेंब ठेवून हलकेच टोचलं. पंधरा मिनिटांनी हिस्टामीनची, म्हणजे गांधी उठायलाच हवी अशा तुलनेच्या थेंबाची, गांधी सहा मिलिमीटर आली. कोळंबी, बांगडा, धुळीतले माइट्स, सगळ्यांच्या जागा गांधी न उठवणाऱ्या सलाईनसारख्याच सपाट होत्या. गांधी सलाईनपेक्षा किमान तीन मिलिमीटर मोठी असेल तरच टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. जंतांमुळेही आयजीई चढतं, पण जंतांचं औषध अल्बेंडाझोल देऊनही आकडा हलला नव्हता.

मग तोंड उघडायला लावलं. खालच्या पुढच्या दुधाच्या दातांमागे पक्के दात उगवलेले, दातांची दुहेरी रांग! सहाव्या-सातव्या वर्षी पडायचे ते दात अजून घट्ट होते, कारण त्यांची मुळं झिजलीच नव्हती. वडील म्हणाले, "माझेपण उपटूनच काढले होते." तिथून सगळं जुळत गेलं. जन्मानंतर काही आठवड्यांतच अंगावर पुरळ, मानेवर पू भरलेले पण गरम न लागणारे गळू, दोनदा न्यूमोनिया, एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात हवेची पोकळी, आणि नुसतं घसरून मोडलेला हात.

हा हायपर-आयजीई सिंड्रोम, प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार. त्याच्या या प्रकारामागे स्टॅट३ जनुकातला बिघाड असतो, हे २००७ मध्ये कळलं. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते, पण स्टॅट३ची प्रथिनं जोडीनं काम करतात आणि बिघडलेलं प्रथिन चांगल्यालाही निकामी करतं. त्यामुळे टीएच१७ या संरक्षक पांढऱ्या पेशी तयार होत नाहीत आणि त्वचा व फुफ्फुसं स्टॅफिलोकोकस जिवाणू आणि बुरशीला मोकळी राहतात. आयजीई भरमसाट वाढतं, पण खाण्याची ॲलर्जी मात्र इतक्या आकड्याच्या मानानं फारच कमी दिसते. नुसता हा आकडा बघून मुलाचं मासे खाणं तोडणं मला अन्यायाचं वाटतं, त्यातही किनाऱ्यावरच्या घरात, जिथे प्रथिनं मिळतात ती माशांतूनच.

बाप-लेकाचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेऊन जनुकतपासणीला मुंबईला पाठवलं. दोघांतही तोच बदल सापडला. धाकट्या बहिणीलाही तो असण्याची शक्यता निम्मी, म्हणून तिचीही तपासणी लावली.

मुलाला संसर्ग टाळायला रोज को-ट्रायमोक्झाझोल हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि कोळंबी पुन्हा ताटात आली. आईला एक गोष्ट तीनदा सांगितली: या आजारात मोठ्या संसर्गातही अनेकदा ताप चढत नाही, मूल खेळतं-हिंडतं दिसतं. म्हणून खोकला लांबला की ताप नसला तरी लगेच एक्स-रे काढायचा.