हिरवा झेंडा, चार मासे आणि डीपी

नोव्हेंबरातली गोष्ट. एका मुलाचा प्रोग्रॅम मी चूक म्हणून खोडला, आणि तो चूक नव्हता. घटना एवढीच. पण दोन महिने झाले तरी डोक्यातून जात नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत कोडिंग शिकवतो. एका संस्थेची व्हॅन, कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकामासाठी काढलेला पैसा, एका शाळेला चार भेटी. लोकांना वाटतं शिकवणं हे काम. निम्मा वेळ लॅपटॉप चार्ज आहेत का आणि मुलं बॅनरसमोर हसताना फोटो निघाला का, यातच जातो. बॅनर घरी राहिला तर भेट झाली असं धरत नाहीत. मुलं काही शिकली नाहीत तर मात्र धरतात.

शाळा परभणी जिल्ह्यातली, गोदाकाठची. सातवीची एकतीस पोरं, सात लॅपटॉप. त्या दिवशी चौथी, म्हणजे शेवटची भेट होती. धडा होता शर्यतीचा. स्क्रॅच ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्यात कोड टाइप करावा लागत नाही. रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे, वर हिरवा झेंडा आहे, तो दाबला की पडद्यावरची पात्रं हलतात. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 साली ते जगाला फुकट दिलं आणि माझ्या मते पोरांसाठी याहून चांगलं दुसरं काही निघालेलं नाही. शर्यतीत चार पात्रं घ्यायची, झेंडा दाबला की चौघांनी एकदम सुटायचं. संस्थेच्या नोंदीच्या तक्त्यात तसंच लिहिलेलं होतं: ‘सर्व पात्रे एकाच वेळी निघतात’. निघाली तर ‘पूर्ण’, नाही तर ‘अपूर्ण’. तिसरा पर्याय नाही.

मागच्या रांगेतला एक मुलगा पेंगत होता. त्याच्या स्क्रीनवर चार मासे. झेंडा दाबला तर नारिंगी मासा लगेच सुटला, मग दोन सेकंदांनी निळा, मग पिवळा, शेवटी हिरवा. तिघांच्या डोक्यावर ‘थांबा’चा पिवळा ठोकळा बसवलेला, 2, 5, 8. मला वाटलं, झोपेत याने काहीतरी केलंय. ‘अरे, एकदम सुटायला पाहिजेत ना!’ म्हणून मी स्वतःच माउस घेतला आणि तिन्ही ठोकळे ओढून टाकले. मोबाइलवर ‘अपूर्ण’ नोंदवून पुढे गेलो. घाई होती. साडेबाराला खिचडी वाटतात, त्यानंतर वर्ग हाती लागत नाही.

मागून तो शेजारच्याला म्हणाला, ‘समद्या संगं चालू केल्या की डीपी जळते, हे सरांना ठावं न्हाई.’

मी थांबलो.

त्याचे मासे म्हणजे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी होत्या. झेंडा म्हणजे लाईट. शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची असते तेव्हा कोण जागत बसणार, म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाईट आली की मोटार आपोआप चालू. पण मोटार उचलताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी म्हणजे या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. एका डीपीवरच्या वीस-पंचवीस मोटारी एकाच क्षणी उचलल्या तर डीपी जाते. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण दरवर्षी सांगतं. यांच्या गावची डीपी ऐन हरभऱ्यात जळाली होती. मग ऑटो काढायचे आणि नंबराने मोटारी लावायच्या असं ठरलं. हा पोरगा रात्री बापाबरोबर बॅटरी धरून विहिरीवर जात होता, म्हणून वर्गात पेंगत होता.

आता माझी लाज सांगतो. 2002 साली तालुक्याच्या गावी मी इन्स्टिट्यूट काढली. एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सची लाट होती. दाराला जाड पडदा, ‘चपला बाहेर काढा’ची पाटी, कॉम्प्युटरला टॉवेलच्या कापडाची कव्हरं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या पोरांसाठी ‘सी’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची बॅच काढायचो. पॅम्प्लेट मीच लिहिलेलं, ‘सी शिका, पुणे गाठा’. टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर पोरं आर्मस्ट्राँग नंबर काढायची, म्हणजे ज्यांच्या अंकांच्या घनांची बेरीज पुन्हा तीच येते असे तीन अंकी आकडे. लोडशेडिंगची वेळ झाली की मी ओरडायचो, ‘एफ-टू दाबा रे, एफ-टू!’, म्हणजे प्रोग्रॅम सेव्ह होईल. सर, आर्मस्ट्राँग नंबरचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की माझं ठरलेलं उत्तर होतं, ‘इंटरव्ह्यूत विचारतात.’

आणि डिप्लोमाच्या पोरांना नेटवर्किंगची शिकवणी. त्यात एक पाच मार्कांचा हमखास प्रश्न असायचा: एका वायरवर दोन कॉम्प्युटर एकदम बोलले आणि टक्कर झाली तर काय करायचं? उत्तर: दोघांनी गप्प व्हायचं, ज्याच्या त्याच्या नशिबाने निघेल तेवढा थोडा वेळ थांबायचं आणि मग पुन्हा बोलायचं. सुरुवातीचं इथरनेट असंच चालायचं. हे मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहिलं. खिडकीबाहेर डीपी होती. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे मला कधी सुचलं नाही.

खिचडी बाजूला राहिली. प्रोजेक्टरवर चार मासे घेतले आणि विचारलं, ‘समजा ज्याचा त्याने आकडा ठेवला, कुणी कुणाला विचारलं नाही, आणि दोघांचा दोनच निघाला तर?’ एक मुलगी म्हणाली, ‘मग चिठ्ठ्या टाका.’ स्क्रॅचमध्ये चिठ्ठी टाकणारा हिरवा ठोकळा आहे, 1 ते 10 मधला कुठलाही आकडा देतो. चौघांच्या ‘थांबा’मध्ये तो बसवला. दहा वेळा झेंडा दाबला. पोरं ओरडून मोजत होती. पाच वेळा कुठले तरी दोन मासे एकदम सुटले. दहा आकडे आणि चारच मासे, तरी निम्म्या वेळा टक्कर! गुरुजींनासुद्धा पटेना. मग मी 1 च्या जागी 1.0 लिहिलं. हे बारीक गुपित आहे, दशांश चिन्ह दिलं की तो ठोकळा अपूर्णांक द्यायला लागतो. त्यानंतर एकही टक्कर नाही. इतक्या वर्षांत वर्गात असा गलका मी ऐकला नव्हता.

लॉकडाऊनमध्ये टीव्हीवर सहा वर्षांच्या पोरांना कोडर करायच्या जाहिराती लागायच्या. त्याच काळात माझी इन्स्टिट्यूट बंद पडली. नव्या शैक्षणिक धोरणातही आता सहावीपासून कोडिंग आलं. ऑफिसातले तरुण म्हणतात, आता कोड एआयच लिहील, तुम्ही कल्पना शिकवा. बरोबर असेलही. पण तक्त्यात कल्पनेचा रकाना कुठाय?

निघताना त्या मुलाने विचारलं, ‘सर, ह्यो ठोकळा स्टार्टरमधी कुठं बसवायचा?’ मी म्हणालो, विचारून सांगतो. पाचवी भेट नसते हे त्याला माहीत नव्हतं.

संध्याकाळी पुण्याला संस्थेच्या ऑफिसात फोन करून ‘अपूर्ण’ बदलून मागितलं. नोंद लॉक झाली होती. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वायरमनला गाठलं. तो हसला. ‘टायमर मिळतो की बाजारात, सर. पण लावतो कोण? लावला तरी शून्यावर ठेवतात. ज्याची मोटार आधी उचलली त्याचं पाणी आधी. डीपी जळंल तेव्हा जळंल.’

मग मला आठवलं आणि पेन ड्राइव्हवर आणलेली त्या मुलाची फाइल उघडली. वर्ग संपता संपता त्याने स्वतःच दुरुस्त केलेली. निळ्याला चिठ्ठीचा ठोकळा होता, पिवळ्याला होता, हिरव्याला होता. नारिंगीला ‘थांबा’च नव्हता. पात्राच्या नावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत त्याने लिहिलं होतं, ‘आमची’.