गलबत किनाऱ्याला लागेना

परवा दुपारी जेवून आडवी झाले आणि 'बर्सर्क' या जपानी चित्रकथेचे मधले खंड पुन्हा काढले. तिचा नायक गट्स आणि त्याची मंडळी गलबतावर चढतात तिथपासून. चहाचं आधण ठेवायची वेळ होईतो निम्मा समुद्र ओलांडून झाला होता! हाच प्रवास जपानी पाक्षिकातून चालला होता तेव्हा वर्षंच्या वर्षं जमीन दिसली नव्हती. ती लिहिणारा-काढणारा केंतारो मिउरा मध्येच अंकच्या अंक गायब. परत आला की एका चिलखताच्या कड्यांवर इतक्या बारीक रेघा, की कथा पुढे गेली नाही हे उशिरा कळायचं. आम्ही वाचणारे चरफडायचो. 'अजून बोटीवरच?' हा तर नेहमीचा टोमणा.

'डिटेक्टिव्ह कॉनन' या अशाच लांबलेल्या जपानी चित्रकथेची मात्र मला कधी चीड आली नाही. १९९४पासून त्यातला गुप्तहेर पोरगा पहिलीतच आहे, खंड शंभराच्या पुढे गेले. पण तिथे दर थोड्या दिवसांनी एक खुनी तरी सापडतो. पोट भरतं.

समुद्रावर अडकायची सवय मला तशी लहानपणापासूनची. आजोळच्या देवळात उत्सवाला कीर्तन असायचं. एका वर्षी बुवांनी मारुतीला महेंद्र पर्वतावरून उडवलं, झांजा वाजल्या, आणि त्याला तसाच अधांतरी ठेवून आरती सुरू केली. खिरापत हातात घेऊन मी रडकुंडीला आलेली. "उद्या पोचेल हो," आजी म्हणाली. दुसऱ्या दिवशी सगळी संध्याकाळ सुरसेच्या तोंडात गेली. तिसऱ्या दिवशी मला ताप. लंका मी पाहिलीच नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "पोचला की." झालं! एवढंच.

'बर्सर्क' सुरू झालं १९८९ साली. मिउरा गेला मे २०२१ मध्ये, अवघ्या ५४व्या वर्षी. आता त्याच्या स्टुडिओतली मुलं चित्रं काढतात आणि कोजी मोरी हा त्याचा शाळेपासूनचा मित्र गोष्ट सांगतो, मिउराने त्याला फार पूर्वी सांगितली होती तेवढीच. म्हणजे आजीसारखंच, 'पोचला की'.

बातमी आली त्या दिवशी मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. पहिला विचार आला तो, 'मग आता पुढे काय होणार?' माणूस गेला होता, आणि मी पुढचा भाग मागत होते.