मावशीच्या घराला लागलेलं आडनाव

मावशीचं गुहागरचं घर सांगायची पद्धत ठरलेली: देवळामागची पाखाडी उतरा, फणसापाशी उजवीकडे. मागच्या महिन्यात तिने मोबाईलवर नकाशा उघडला आणि घराच्या ठिपक्यावर बोट दाबलं. खाली आलं 'एफ५जेआर', मग अधिकचं चिन्ह, मग आणखी दोन अक्षरं, आणि पुढे 'गुहागर'. "अरे, कसला व्हायरस शिरलाय का बघ!"

मलाही आधी तो कसलासा सर्व्हे नंबर वाटला. पण हा प्लस कोड. गूगलच्या लोकांनी २०१४ मध्ये आणला. सगळी पृथ्वी अक्षांश-रेखांशांच्या चौकटींत कापायची आणि प्रत्येक चौकटीला नाव द्यायचं. पूर्ण कोड दहा अक्षरांचा. गावाचं नाव जोडलं की पहिली चार गाळता येतात. उरतो तो साधारण चौदा मीटर लांब-रुंद तुकडा, म्हणजे मावशीचं घर आणि अर्धं अंगण. विहिरीवर बोट नेलं तर शेवटचं अक्षर बदललं! मग काय, मावशीने गोठाही तपासला.

कोडात शून्य, एक आणि इंग्रजी स्वर येतच नाहीत. वाचताना घोटाळा नको आणि चुकून भलताच शब्दही तयार व्हायला नको, म्हणून. हे मला फार आवडलं.

मावशीने कोड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. कुरियरवाल्याला मात्र परवाही फोनवर फणसच सांगत होती.